भिंगाखालचे किनारे

बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि लगेच मागे घेतला.

"काय झालं?" चिमणीने विचारलं. प्रयोगशाळेतली ही त्यांची जुनी सहकारी. तोंडाला विसावा म्हणून नाही, त्यामुळे सगळे तिला चिमणीच म्हणत.

"काही नाही. काच पुसते."

काच स्वच्छ होती. चिमणीनेच ती मघाशी पुसली होती.

वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून आलेले तांदळाएवढे, कोळंबीच्या कुळातले कवचधारी जीव ओळखून वेगळे करायचे, हे बाईंचं आयुष्यभराचं काम. दोन्ही डोळे गढूळ होत गेले, तसं ते काम त्या चिमणीच्या डोळ्यांनी करू लागल्या. "मिशा कशा आहेत? पाय?" असं विचारून विचारून. आता उजव्या डोळ्यात नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ बसवलं होतं. दिसेल, पण किती बारीक दिसेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. नाहीच दिसलं तर हे टेबल सोडायचं, असं बाईंनी घरी सांगून ठेवलं होतं.

चिमणीने एक बरणी पुढे सरकवली. "हिच्या चिठ्ठीवरची शाई पार धुऊन गेलीये. कुठली आहे, मला काही उमगेना."

बाईंनी थोडे जीव बशीत ओतले आणि पुन्हा वाकल्या. आधी नुसता राखाडी पसारा. त्यांनी चक्री हळूहळू फिरवली. मग एक मिशी दिसली, पायांपेक्षा जाड. तिच्यावर केस होते. एकेक केस वेगळा.

"खाडीतला चिखल," त्या म्हणाल्या. "उत्तरेकडचा."

"नक्की?"

"मिशा बघ की. हे चिखलात बिळं करून राहतात, दारात आलेलं मिशीनेच आत ओढतात. वाळूतले असते तर पाय फावड्यासारखे रुंद असते. खडकावरचे असते तर अंगानेच दोऱ्यासारखे, शेवाळाला घट्ट धरून बसलेले."

चिमणीने वाकून पाहिलं. "बाई, तुम्हाला केस दिसले?"

"दिसले." बाईंनी रुमाल काढला.

"चोळू नका हं डोळा."

"चोळत नाहीये गं."

त्या दिवशी त्या जेवायलाही उशिराच उठल्या. संध्याकाळी चिमणी बशा विसळत असताना त्यांनी फडताळातून आणखी दोन बरण्या काढल्या, एक वाळूच्या किनाऱ्याची, एक खडकाळ किनाऱ्याची.

"कुणाचं होतं हो, ते बुबुळ?" चिमणीने नळ बंद करत विचारलं.

"नाव सांगत नाहीत. डोंगराकडचे कुणी आजोबा होते, एवढं नर्सच्या तोंडून निघून गेलं. आपल्या खोऱ्याबाहेर कधी पडले नव्हते म्हणे."

चिमणीचं लक्ष बरण्यांकडे गेलं. "या दोन्ही तर तुम्ही मागेच तपासल्यात, बाई."

"मी तपासल्यात," बाई झाकण उघडत म्हणाल्या. "आजोबांनी कुठे समुद्र पाहिलाय?"

त्यांनी वाळूतले जीव बशीत ओतले आणि बशी अगदी सावकाश भिंगाखाली सरकवली. चिमणीने हात पुसले आणि दिवा जरा जवळ ओढून दिला.