शिंकायचा अवकाश

निवृत्त झाल्यावर आजोबांनी परसात स्वतःच्या हातांनी एक शेड ठोकली होती, जरा डावीकडे कललेली. "कुणी शिंकायचा अवकाश, आडवी होईल," असं आजी येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायची.

आज नव्या गाडीला जागा हवी म्हणून मुलगा आणि जावई ती पाडायला सरसावले. "नाश्त्याच्या आत उरकतो," जावई म्हणाला. नाश्ता गार झाला, जेवणं झाली, हातोडीचा दांडा मोडला, जावयाची कंबर धरली. आजी चहा घेऊन आली तेव्हा शेड होती तशीच उभी होती. निघालं होतं ते फक्त दार.

"चला, दार तरी निघालं एकदाचं!" आजी म्हणाली.

 

आजोबांनी चहावर हळूच फुंकर घातली. "तेवढंच विकतचं होतं."