मोगऱ्यावरची ओढणी

रंजीता स्वतःच्या मनाच्या पोराशी लग्न करून गेली, त्या दिवसापासून लखीरामनं घरात तिचं नाव काढू दिलं नव्हतं.

यंदा चैत्रातच परसातली वांगी, टमाटे होरपळले. उरला होता रंजीतानं लावलेला मोगरा. तो जगवायला गोमतीबाई जिवाचं रान करत होती. सावलीला बांधलेली जुनी लुगडी उन्हानं विरून गेली, तेव्हा तिनं पेटीतली पोरीची पिवळी ओढणी काढली आणि भीतभीतच मोगऱ्यावर बांधली.

दुपारी रिसोडहून आलेला लखीराम ती पाहून थबकला आणि तडक गाठी सोडायला लागला.

"राहू द्या हो! जळून जाईन मोगरा!" गोमतीबाई रडकुंडीला आली.

त्यानं डोक्याचा दुपट्टा काढून मोगऱ्यावर बांधला.


"अवं, रंजीच्या ओढणीचा रंग उडून राह्यला ना!"