बंकटतात्याची हार

"तुझ्या त्या मोबाइलनं दवाखान्याचं कुलूप उघडलं ना, तर मी गाढवावर उलटा बसून गावभर हिंडीन," कटिंगवाला बंकट म्हणाला.

"बसाल का तात्या, नक्की?" शेजारची मोहिनी हसली. "आन् न्हाई उघडलं तर मी बसते. सिदूमामा, तुमचं गाढव तयार ठेवा."

"माझ्या गाढवाला इचारलं का कुणी?" सिदू म्हणाला. पण पैज लागली.

गावातलं सरकारी आरोग्य उपकेंद्र सहा महिने बंद होतं. मोहिनीच्या जावेला, उज्ज्वलाला, नववा लागलेला. अंबाजोगाई चाळीस किलोमीटर लांब, वाटेत नुसते खड्डे.

मोहिनीनं बंद दारापुढं शेळी उभी केली, तिच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधला आणि व्हिडिओ काढला. "ह्या आमच्या नव्या नर्सबाई. चोवीस तास हजर. पगार फक्त पाला." पाच दिवसांत दोन लाख लोकांनी बघितला.

सहाव्या दिवशी आरोग्य खात्याची जीप आली. साहेबांनी स्वतः कुलूप काढलं. सोबत आणलेल्या नर्सबाईंना खुर्चीत बसवलं, उज्ज्वलाच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. फोटो निघाला. पट्ट्यात हवा भरायच्या आतच तो सोडला. नर्सबाई जीपमधे, कुलूप पुन्हा दाराला. तेवढ्यात तोच फोटो मोहिनीच्या फोनवर आला. खाली लिहिलेलं, 'उपकेंद्र सुरू. रुग्णांची सोय झाली.'

"मी हरले, तात्या," मोहिनी म्हणाली. "आणा गाढव."

बंकटनं फोन घेतला, दोनदा वाचला. मिशीत हसला.

"तू कावून हरशील? सरकार म्हणतंय उघडलं. हरलो मी. सिदू, गाढव आण बे!"

जीप वळली तर वाटेत गाढव आडवं. वर बंकट, तोंड शेपटीकडं, गळ्यात जुन्या चपलांची माळ. मागं सगळं गाव, सगळ्यांचे फोन वर.

"बाजूला व्हा हो," साहेब खाली उतरून म्हणाले.

"होतो की. पण हरलेल्याला जिंकलेल्यानंच खाली उतरवायचं, आमच्याकडं रीतच हाय. मोहिनी, उतरव मला."

"मी जिंकले का न्हाई तेच कळंना, तात्या. साहेबांना इचारा."

"सांगा साहेब," बंकट म्हणाला. "केंद्र चालू असलं तर ही जिंकली. बंद असलं तर मी."

साहेबांनी कुलपाकडं बघितलं. मग फोनांकडं.

"ते फोन आधी खाली घ्या."

कुणी घेतले नाहीत. जीपमधल्या नर्सबाईंनी हळूच दार उघडलं आणि एक पाय खाली सोडून त्या साहेबांच्या तोंडाकडं बघत बसल्या.

बंकटनं गाढवावर बूड सरकवून नीट केलं.

"सावकाश सांगा साहेब. मला घाई न्हाई. घाई उज्ज्वलाला हाय."