चार नंबरच्या प्रेसची सवय

बॅकअप घेण्याआधी तंत्रज्ञ हेमलतानं कारखान्यातल्या पत्रा दाबणाऱ्या चार नंबरच्या प्रेसच्या टचस्क्रीनची मेमरी उघडून पाहिली. हे पॅनेल चालवणाऱ्याच्या हाताची सवय शिकून घेई. त्यामुळे नवख्या कामगाराच्या प्रेसलाही मुरलेल्या हाताची सफाई देता येई. पण इथं एक गोष्ट खटकत होती. बटण दाबल्यावर दट्ट्या लगेच खाली येत नव्हता, क्षणभर थांबत होता.

"बिघाड आहे. तेवढा पुसा आणि बाकीचं सगळ्या प्रेसवर चढवा," असं सांगून मॅनेजर ऑफिसात गेले.

चार नंबर वर्षानुवर्षं चालवणारे दस्तगीरचाचा शेजारीच उभे होते. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं याच प्रेसनं नेली होती.

"चाचा, हे असं कधीपासून?"

"बिघाड न्हाई, ताई. बोटं गेल्यापासनं बटण दाबताना माझा हातच थबकतोय. लई प्रयत्न केला, जात न्हाई. त्येच शिकलं असणार ते." चाचा ओशाळले. "भीती हाय ती माझी. पुसून टाका."

'पुसायचं का?' स्क्रीनवर विचारणा आली. हेमलतानं 'नाही' दाबलं आणि होतं तसं सगळ्या प्रेसवर चढवलं.

सोमवारी नव्याकोऱ्या सहा नंबरवर नवख्या सुनंदानं एका हातानं पत्रा सरकवला आणि दुसऱ्यानं बटण दाबलं. या प्रेसनं कुणाचं बोट कधी नेलं नव्हतं. तरी प्रेस थबकली. तेवढ्यात सुनंदाला दट्ट्याखाली राहिलेला आपला अंगठा दिसला, आणि तिनं तो काढून घेतला.

मग दट्ट्या खाली आला.