शेवटचं शून्य

चहा केव्हाच निवला होता, तरी तिचं घोडं एका शब्दापाशी अडलं होतं. आकडेमोडीच्या पॅकेजला ती सी भाषेतलं फंक्शन जोडत होती. त्याच्याकडे तिनं ‘तापमान’ एवढंच धाडलं होतं, पण स्क्रीनवर त्या शब्दाला भलतंच शेपूट फुटत होतं.

“शेवटी शून्य ठेवायला विसरलीस,” शेजारचा सहकारी हसला. “शब्द कुठे संपला ते कळलं नाही, की मेमरीतला पुढचा कचरा वाचत सुटतं ते.”

खरंच की. आणि हे शून्य तर तिला दादानंच कान पिळून शिकवलं होतं. दादा गेल्यापासून तिच्या हातून असं काहीबाही राहून जायचं.

तिनं प्रोग्राम पुन्हा चालवला.

‘तापमान ठमे जेवलीस का’

तिला ठमी म्हणणारा जगात एकच माणूस होता.

“लाव शून्य, गप्प बसेल बघ,” सहकारी म्हणाला.

तिनं शून्यावर बोट टेकवलं. प्रोग्राम थांबलेला होता, तरी स्क्रीनवर एकेक अक्षर उमटू लागलं.

‘नको ना लावूस ठमे मग मी तिथंच संपेन’