डेमियनचा आठवडा

"आणि मग तो टेबलावर चढला?" मिसेस पास्कोंनी विचारलं.

"चढला म्हणजे? उतरायलाच तयार नव्हता!" क्लिंट म्हणाला. "डोक्यावर कुणा पोरीची हॅट, अंगात ग्लेनचा फाटका शर्ट. खाली सगळे बोंबलतायत, डेमियन, डेमियन!"

मिसेस पास्को हसल्या. डोक्यावर पंखा करकरत होता. बाहेर नोव्हेंबरचं, इकडच्या उन्हाळ्याच्या तोंडाचं ऊन आंब्याच्या झाडाला भाजून काढत होतं. घरातलं निम्मं सामान खोक्यांत गेलं होतं. सोमवारी त्या वृद्धाश्रमात राहायला जाणार होत्या. डेमियनचा शाळेच्या गणवेशातला फोटो तेवढा अजून भिंतीवर होता.

बारावी संपली की गोल्ड कोस्टचा समुद्रकिनारा गाठायचा आणि आठवडाभर धुडगूस घालायचा, ही इथल्या पोरांची जुनीच रीत. क्लिंट, ग्लेन आणि डेमियन एका गाडीतून गेले होते. परत दोघेच आले. शेवटच्या दिवशी सकाळी डेमियन समुद्रात उतरला आणि लाटेनं त्याला ओढून नेलं.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात दोघं या घरी जेवायला येत आणि तो आठवडा सांगत. मिसेस पास्कोंनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "रडगाणं नको. मजा सांगा." अलीकडे ग्लेनला दारूतून सवड नव्हती. क्लिंट मात्र चुकत नसे.

"झोपायचा कुठे तो?"

क्लिंटनं बीअरचा घोट घेतला. "फ्लॅटच्या गॅलरीत. गादी ओढून न्यायचा. समुद्र ऐकत पडतो म्हणायचा."

"ग्लेन तर सोफ्यावर म्हणाला होता."

"कधी इथे, कधी तिथे. शुद्धीत कोण होतं, मिसेस पास्को?"

"तेही खरं. आणि खायचा काय?"

"सॉसेज. मीच भाजायचो. निम्मे कोळसा व्हायचे. मला शिव्या देत सगळे संपवायचा."

"तुझ्या हातचं खायचा?" त्या म्हणाल्या. "मग समुद्राला कशाला बोल लावायचा!"

क्लिंटला हसावं की नाही ते कळेना. मग तो हसला.

सांगून सांगून तो आठवडा गुळगुळीत झाला होता. कधीकधी क्लिंटला वाटे, आपल्या आयुष्यात मजा म्हणून जी काय झाली ती तेवढीच. डोक्यावर कुणी नाही, उद्याची फिकीर नाही, खिडकीबाहेर अख्खा समुद्र. पुढे काय झालं? गॅरेज, मोडलेलं लग्न, सुटलेलं पोट.

"तुझी लेक टाहलियाही उद्या गोल्ड कोस्टला निघतेय ना?"

"उद्याच. मैत्रिणींचा अख्खा घोळका आहे. माझी झोप उडालीय."

"जाऊ दे तिला. पोरांना या वयात मोकळं सोडावं," मिसेस पास्को बशीतला केकचा चुरा बोटानं गोळा करत म्हणाल्या. "मीही तेच म्हणायचे. सारखा माझ्या पदराआड काय बसतोस, चार पोरांत मिसळ. तुमच्याबरोबर जायला तयार नव्हता तो, माहितेय? मीच त्याची बॅग भरली."

"पण रमला हो. आमच्यापेक्षा जास्त."

"हो. तू सांगतोस ना."

क्लिंट उठला. फोटो भिंतीवरून काढून, टॉवेलात गुंडाळून त्यानं खोक्यात नीट ठेवला. मिसेस पास्को काठी टेकत दारापर्यंत आल्या आणि उरलेला केक त्याच्या हातात कोंबला.

"नको म्हणू नकोस. माझ्या एकटीच्यानं संपायचा नाही." त्या दाराच्या चौकटीला रेलल्या. "आणि हे बघ, पोरीचा फोन आला तर उचल."

"उचलणार तर! उशाशीच ठेवणार आहे."

"उचलशील रे. मीही उचलला होता."

क्लिंट पायरीवर थांबला. "कधी?"

"पहिल्याच संध्याकाळी. तुम्ही त्याची बॅग जिन्यात फेकून दार लावून घेतलंत, त्यानंतर." त्यांचा आवाज सॉसेजबद्दल विचारतानाचाच होता. "आई, मला न्यायला ये म्हणाला. मी म्हटलं, सगळी पोरं मजा करतायत. आठवडा संपल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस."