काकांची सावली

“दार लावू नका हो,” काकू शिपायाला म्हणाली, “यांची सावली यायची आहे.”

समोर प्रबंध छातीशी धरून उभ्या असलेल्या पुतणीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. खुली तोंडी परीक्षा, कुणीही येऊन मागे बसावं. म्हणून तिने काका-काकूंना बोलावलं होतं, पण तोंडाला कुलूप लावायच्या अटीवर. ते कुलूप दारातच निघालं. शिपायाने ‘बरं’ म्हणून दार अर्धवट लोटलं.

काका जन्मभर घड्याळाच्या काट्यावर चालले आणि मग रिटायर झाले. म्हणजे झाले काका, पण मनावर घेतलं ते सावलीने. काका घरी येऊन हातपाय धुतात, चहा पितात, तेव्हा कुठे ती रमतगमत दारातून आत येते. घरात याचं कुणाला काही वाटत नाही. तिच्यासाठी दार उघडं राहतं आणि मांजर दूध पिऊन जातं, भांडण होतं ते त्यावरून.

पुतणीने मात्र विसाव्या शतकातल्या जगभरच्या कादंबऱ्या पालथ्या घालून जादुई वास्तववादावर चांगला जाडजूड प्रबंध लिहिला आणि त्यात काकांबद्दल चकार शब्द येऊ दिला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिला लाज वाटायची, दुसरं काय!

बाहेरून आलेले परीक्षक वेळेचे भलते पक्के. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी समोर ठेवलं होतं, आणि उशिरा आलेल्या एका प्राध्यापकांना सर्वांदेखत झापलं होतं. एका प्रश्नावर अडलं की प्रबंध परत, अशी त्यांची ख्याती. तिच्या आधीचा उमेदवार अजून दुरुस्त्याच करत होता.

“तुम्ही लिहिता,” ते म्हणाले, “या कादंबऱ्यांत डोळ्यांदेखत आक्रित घडतं आणि माणसं दचकत नाहीत. उलट काम वाढलं म्हणून कुरकुरतात. मला नाही पटत. माणूस आहे, दचकणारच. मी तर खुर्चीवरून पडेन. एक उदाहरण द्या. पुस्तकातलं नको, खऱ्या माणसांचं.”

उदाहरण शेवटच्या रांगेत बसून चष्मा पुसत होतं. पुतणी प्रबंधाची पानं उलटत राहिली. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाताना तिला दिसत होती, तरी बोट काकांकडे वळेना.

काकूला ते बघवलं नाही. ती उठलीच.

“सर, आमच्या यांची सावली उशिरा येते. मला रोज दार उघडं ठेवावं लागतं.”

“अगं, बस खाली,” काका म्हणाले.

“का बसू? मांजर दूध पितं ते कुणाच्या जिवावर?”

“दूध मीच आणतो ना!”

“तुम्ही आणता हो. ती मोकळ्या हाताने येते, तरी तिला उशीर!”

सभागृहात खसखस पिकली. परीक्षकांनी टेबलावर हात आपटला.

“या बाई कोण?”

‘माहीत नाही’ म्हणून सुटता आलं असतं. पुतणीने मागे पाहिलं. काकू पदर खोचून उभी होती, घरी मांजरामागे धावताना उभी राहते तशी. पोरीला आपल्या लाजेचीच लाज वाटली.

“माझी काकू आहे, सर. आणि ती म्हणते ते खरं आहे. काकांची सावली उशिरा येते. घरात कुणी कधी दचकलं नाही.”

“पुरावा?”

“वाटेत असेल,” काका ओशाळून म्हणाले. “जिने आहेत, दमली असेल.”

परीक्षकांनी कपाळावर हात मारला आणि प्रबंध मिटला. शेरा लिहायला पेन उघडलं. पुतणीने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात दार करकरलं. एक लांबट, जराशी वाकलेली सावली आत आली. तिच्या पुढे माणूस नव्हता, मागेही नव्हता. भिंतीला धरून, चोरट्यासारखी ती मागच्या रांगेकडे सरकू लागली.

परीक्षकांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

“ही काय यायची वेळ झाली?” ते कडाडले. “बसा मागे. आणि दार लावून घ्या!”

सावली मुकाट्याने काकांच्या पायाशी जाऊन बसली.

“तिला कुठलं दार लावता येतंय,” काकू पुटपुटली, “तेही मीच करायचं.” आणि दार लावून आली.

“हं,” परीक्षक पुतणीकडे वळून म्हणाले, “तर मी काय म्हणत होतो? माणूस दचकतोच.”